पाच माणसांचे चार दगड

भूमिपूजन झाले की आखणीची दोरी बोटभरही हलवायची नाही, आणि का हलवायची नाही हे विचारायचेही नाही. एकदा एका वृद्ध वास्तुकाराच्या हाताखाली शिकायला आलेल्या मुलीला पहिल्याच सकाळी हा नियम सांगण्यात आला.

सांगणारा मुकादम होता. तीस वर्षे तो त्या वृद्धाच्या कामांवर देखरेख करत आला होता.

"पण का?" मुलीने विचारले.

"आत्ताच काय सांगितलं मी?" मुकादम म्हणाला.

मुलीचे नाव हेमांगी. ती आर्किटेक्चरची पदवी घेऊन आली होती आणि पदवीबरोबर उतावळेपणाही भरपूर घेऊन आली होती. वृद्धाला त्या भागात सगळे आबा म्हणत. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर त्यांनी बांधलेली घरे खालच्या रस्त्यावरून सहसा दिसत नसत. दगडाचा रंग, झाडांची उंची आणि डोंगराची उतरती रेघ यांत ती मिसळून जात. आबांचे घर सापडायचे तर आधी त्यातला माणूस अंगणात यावा लागतो, असे लोक गमतीने म्हणत. हे ऐकूनच हेमांगी त्यांच्याकडे आली होती. आल्यावर तिला कळले की आबा एकेका जागेकडे तीन-तीन दिवस नुसते पाहत बसतात.

"आबा, एवढ्या वेळात कॉलेजात आम्ही अख्खं गाव काढायचो," ती एकदा म्हणाली.

"मग त्या गावात राहायला कोण गेलं?" आबांनी विचारले आणि आपल्या डब्यातली अर्धी भाकरी तिच्या डब्यात ठेवली. ते तिच्यावर कधी रागावत नसत. तिला त्याचाही राग येई.

एके दिवशी काजूचा एक व्यापारी आबांकडे आला. त्याचे कुटुंब आजवर बाजारपेठेत, गोदामावरच्या दोन खोल्यांत राहत आले होते. आता त्याने घाटमाथ्याच्या जरासे खाली उताराची जमीन घेतली होती आणि तिथे त्याला घरच्यांसाठी आधुनिक घर हवे होते. तो बसता बसताच मोबाइल उघडून चित्रे दाखवू लागला.

"हे बघा, आबा. आधी जेसीबी लावून सगळं सपाट करून घेऊ. पुढे लॉन, मागे पार्किंग, मध्ये बंगला. काचा मोठ्या. पाहुण्याने खालच्या रस्त्यावरूनच म्हटलं पाहिजे, ते बघा शेठचं घर."

"घरात माणसं किती, शेठ?"

"पाच. मी, आमची आई, दोन मुली आणि मिसेस."

"रविवारी पाचही जण जमिनीवर या. जेवण बांधून आणा. सतरंज्या नकोत."

"आणि प्लॅन?"

"जेवल्यावर बघू."

व्यापाऱ्याने हेमांगीकडे पाहिले. हेमांगीने छताकडे पाहिले. रविवार यायच्या आत तिने जमिनीची मोजणी करून उताराचा नेमका नकाशा तयारही केला, पण त्याच्याआधी उसळ-भाकरी येणार होती.

रविवारी सगळे जमले. फाल्गुन लागला होता. उतारावरचे गवत वाळून पिवळे झाले होते, आणि अंजनीची दोन-तीन झाडे निळ्याजांभळ्या फुलांनी लगडली होती. वरच्या अंगाला थोडी सपाट जागा होती, तिथे व्यापाऱ्याला बंगला हवा होता. मधोमध पावसाळी ओहोळाची कोरडी वाट खाली गेली होती.

"ज्याला जिथे बसावंसं वाटेल तिथे बसा," आबा म्हणाले. "एकमेकांजवळच बसलं पाहिजे असं नाही. आणि घाई नको."

व्यापारी आपली पत्रावळ घेऊन थेट वरच्या सपाटीवर जाऊन बसला. दोन घास होतात तोच वाऱ्याने पत्रावळ उचलली. तिच्यामागे धावत तो खाली आला आणि शेवटी हिरड्याच्या बुंध्याला पाठ टेकून बसला. त्याच्या आईला, माईंना, मांडी घालता येत नव्हती. त्यांनी जांभळाच्या सावलीत कातळाची एक पायरी शोधली, जिच्यावर बसून पाय खाली सोडता येत होते. थोरली मुलगी सगळ्यांपासून दूर, अंजनीखाली गेली. धाकटी ओहोळाच्या वाटेतल्या गुळगुळीत दगडावर चढून बसली आणि तिथून हलेना. चार टोकांना चार माणसे झाली. व्यापाऱ्याची पत्नी डबे घेऊन त्यांच्यामध्ये वरखाली करत होती. आबांना तिने आग्रहाने दुसरी भाकरी वाढली, हेमांगीलाही वाढली.

जेवणे होताच आबांनी मूठभर आकाराचे दगड उचलले. माईंपुढे एक ठेवला, हिरड्याखाली एक, अंजनीखाली एक, ओहोळात एक. प्रत्येकावर खडूने खूण केली. सगळ्यांचे झाले तसे व्यापाऱ्याच्या पत्नीने आपले वाढून घेतले आणि ती खालच्या बाजूला कुठेतरी जाऊन बसली.

"आबा, पंगत उठल्यावर रांगोळी काढताय का?" व्यापाऱ्याने विचारले. माई पदर तोंडाला लावून हसल्या.

हेमांगीला हसू आले नाही. "आबा, ऊन उतरायला लागलंय. घराची मोजमापं कधी घ्यायची?"

"घेतली की आत्ता," आबा म्हणाले. मग ते व्यापाऱ्याशेजारी बसले आणि सावकाश बोलू लागले.

"शेठ, मोबाइलमधली घरं छान आहेत. पण ती ज्यांची आहेत ते लोक इथे जेवायला आले नव्हते. जमीन बोलत नाही. मात्र भुकेला माणूस बसायला जागा शोधतो ना, तेव्हा तो जमिनीचंच ऐकत असतो. वारा कुठे झोंबतो, सावली कुठे टिकते, पाठ कुठे टेकते, याचा विचार त्याला करावा लागत नाही. तुम्हाला घर वर हवं होतं, पण तिथे तुम्हाला साधी पत्रावळ सांभाळता आली नाही. माईंना पाय सोडायला कातळाने जागा दिली, म्हणजे माईंची खोली तिथे. माणसं बसली तसं घर बसवलं, तर डोंगर फारसा कापावा लागत नाही. आणि जिथे फार कापावं लागतं, तिथे समजावं, आपण कोणाला तरी विचारायचं राहून गेलंय."

व्यापाऱ्याने आईपुढच्या दगडाकडे पाहिले. मग म्हणाला, "म्हणजे लॉन नाही?"

"गवत आहे की. तुमच्या आधीपासून आहे."

त्या दुपारी हेमांगीचा राग प्रथमच उतरला. परतताना तिने उताराचा नकाशा गाडीतच उघडला आणि त्यावर चार ठिपके दिले. पुढचे दोन आठवडे ती त्या ठिपक्यांवरून उठली नाही. घर तीन पातळ्यांवर उतरत गेले. पातळ्यांना जोडायला तिने पायऱ्या ठेवल्या नाहीत, माईंच्या गुडघ्यांसाठी मंद उतरणी ठेवल्या. मोठ्या काचा व्यापाऱ्याला मिळाल्या, पण त्या हिरड्याच्या सावलीत मिळाल्या. ओहोळ अडवायचा नव्हता. दोन दगडी भिंतींवर बैठकीची खोली उचलून घ्यायची आणि पाणी तिच्याखालून जाऊ द्यायचे, असे तिने ठरवले. छतावर माती आणि डोंगरावरचेच गवत येणार होते. एकही झाड तोडायचे नव्हते.

उरले स्वयंपाकघर. चांगल्या जागा चार दगडांनी घेतल्या होत्या, म्हणून ते मागच्या बाजूला, डोंगराच्या पोटात गेले. तिथे आठ फूट उतार कापावा लागणार होता आणि मागे खिडकी शक्य नव्हती.

"एक्झॉस्ट फॅन बसवू," हेमांगी म्हणाली. आबांनी मान डोलावली. साऱ्या नकाशात त्यांनी फक्त दोन रेघा सुधारल्या आणि म्हणाले, "बाईसाहेब, या गावात लोक राहायला जातील." हेमांगी त्या दिवशी मुकादमाशीसुद्धा गोड बोलली.

चैत्रात भूमिपूजन झाले. खुंट्या ठोकल्या गेल्या, दोऱ्या ताणल्या गेल्या. नारळ फुटला, पेढे वाटले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी खोदाईचे यंत्र येणार होते. त्याआधी दोरीखालून फक्कीची, म्हणजे पांढऱ्या भुकटीची रेघ मारायची होती, कारण यंत्र चालवणारा माणूस त्या रेघेवरच खोदत जातो. आबांनी ते काम हेमांगीला दिले होते. तिच्या पहिल्या घराची पहिली रेघ तिच्या हातून पडावी, असे त्यांना वाटत होते.

पूजेनंतर मंडळी जांभळाखाली विसावली. हेमांगी टेप घेऊन एकदा सगळे कोन तपासू लागली. व्यापाऱ्याची पत्नी पूजेची भांडी गोळा करत होती. ते झाल्यावर ती स्वयंपाकघराच्या दोरीपासून वीसेक पावले खाली उतरली आणि एका मोठ्या दगडाला टेकून थर्मासातला चहा ओतू लागली. टेपचे टोक खाली घसरत गेले म्हणून हेमांगीही तिथवर पोचली.

"काकू, मलापण द्या घोटभर. पण उन्हात कशाला बसलात?"

"ऊन कुठे आहे? हा दगड सावली देतो बघ पाठीला. त्या रविवारी पण मी इथेच जेवले. इथे वारा लागतो, पण तोंडावर येत नाही. थोरली दिसते, धाकटी दिसते. माईंनी हाक मारली तर ऐकू येते. आणि खाली नदीचं ते वळण बघ, दुपारी चमकतं."

हेमांगीने मान वळवून पाहिले. त्या एका जागेवरून चारही खोल्यांच्या खुंट्या दिसत होत्या. तिच्या नकाशात त्या जागी पाण्याच्या टाकीची खूण होती.

"काकू, त्या दिवशी तुमच्यापुढे आबांनी दगड कुठे ठेवला होता?"

"माझ्यापुढे कुठला? मी वाढत होते ना." ती हसली. "मला वाटलं, ज्यांचं जेवण झालंय त्यांच्यापुढे खूण करताहेत."

हेमांगीच्या हातातला कप तसाच राहिला. पाच माणसे बोलावली होती. दगड चार ठेवले गेले. तीन महाविद्यालयीन पारितोषिके मिळवलेल्या मुलीने ते चार मोजले, जपून नकाशावर उतरवले आणि पाचवा कुठे आहे, असे एकदाही विचारले नाही. वर तिने त्याच बाईच्या हातची भाकरी खाल्ली होती.

"तुम्ही नकाशा बघितलाय?"

"परवा बघितला. स्वयंपाकघर बरंच आत आहे, नाही? थंड राहील."

"त्याला मागे खिडकी नाही, काकू."

"हो. तेही बघितलं," ती म्हणाली आणि थर्मासाचे झाकण घट्ट करू लागली.

हेमांगी वर आली तेव्हा मुकादम फक्कीचे घमेले घेऊन उभा होता. माई खुर्चीवर होत्या, व्यापारी मोबाइलवर पूजेचे फोटो पाठवत होता.

"चल, पोरी," आबा म्हणाले. "मार रेघ. मशीन सकाळी सातला येईल."

"आबा, स्वयंपाकघराची दोरी हलवावी लागेल."

मुकादमाने कानावर काही अभद्र पडल्यासारखी मान फिरवली.

"अगं, पूजा झाली ना?" माई म्हणाल्या. "आता हलवायची म्हणजे काय, देवाला परत बोलवायचं आणि सांगायचं की आमचं चुकलं?"

"सांगायला काय हरकत आहे, माई? चुकलंच आहे." हेमांगीने काय पाहिले ते सांगितले. दगड कोणापुढे ठेवले गेले आणि कोणापुढे नाही, तेही सांगितले.

व्यापारी गोंधळला. "पण स्वयंपाकघर मॉड्युलर करतोय मी. चिमणी बसतेय, सगळं लेटेस्ट. आणखी काय पाहिजे?"

"काकूंना विचारलंत?"

"ती कधी कशाला नाही म्हणत नाही."

"तेच म्हणतेय मी."

आबांनी हात वर केला. "हेमांगी, पहिल्या दिवशी तू 'पण का?' असं विचारलं होतंस. आज सांगतो. एक दोरी हलली की उद्या शेठना आपली हलवावीशी वाटते, परवा माईंना. माझ्या गुरूंनी एक घर असं सात वेळा हलताना पाहिलं. त्यात कोणी राहायला गेलंच नाही, भाऊ-भाऊ वेगळे झाले. म्हणून ही शिस्त आहे. चाळीस वर्षांत मी ती मोडलेली नाही."

"शिस्त चांगलीच आहे, आबा. ती लहरी माणसाला आवरायला आहे. पण इथे कोणाची लहर नाही, आपली मोजणी अर्धी राहिली आहे. फार कापावं लागतं तिथे कोणाला तरी विचारायचं राहिलं, हे तुम्हीच शिकवलंत. आता हा उतार बघा. सगळं घर डोंगराच्या अंगाने उतरलंय, एक झाड पडत नाहीये, ओहोळसुद्धा अडत नाहीये. डोंगर एकाच ठिकाणी कापतोय आपण. कुठे, ते सांगा."

एवढ्यात व्यापाऱ्याची पत्नी भांड्यांची पिशवी घेऊन वर आली. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या, तशी ती जागीच थांबली.

"काय गं," व्यापाऱ्याने विचारले, "तुला ते स्वयंपाकघर नकोय का?"

"आता पूजा झालीय," ती म्हणाली. तिने पिशवी खाली ठेवली, पदर सारखा केला. मग पुन्हा बोलली. "पण विचारताय म्हणून सांगते. दिवसाचे सात-आठ तास मी तिथे उभी राहणार. बाहेर पाऊस आला की गेला, हे मला तुम्ही आत येऊन सांगणार."

"मग त्याच दिवशी बोलायचं होतंस ना."

"कोणाशी? तुम्ही सगळे दगडांकडे बघत होतात."

माईंची नजर आपल्या हातांवर गेली. त्या हातांनीही कोणत्या तरी काळोख्या स्वयंपाकघरात पन्नास वर्षे काढली होती. पण त्या म्हणाल्या एवढेच, "आमच्या वेळी कोणी विचारलं नव्हतं गं."

"म्हणून तर आता विचारायचं, माई."

आबांनी मुकादमाकडून घमेले घेतले आणि स्वतः हेमांगीपुढे धरले. त्यांचा आवाज प्रथमच थकलेला वाटला. "पोरी, खिडकीचं काहीतरी करू. वरून उजेड घेऊ. पण दोरी राहू दे. मी गेल्यावर माझ्या नावाचं एवढंच उरणार आहे, की आबांची दोरी हलत नाही. मार रेघ."

हेमांगीने घमेले हातात घेतले. क्षणभर मुकादमाला वाटले, निभावले. मग ती वाकली आणि तिने ते जपून जमिनीवर ठेवले.

"आबा, मी तुमच्याकडेच शिकणार आहे. तुम्ही घालवून दिलंत तरी उद्या सकाळी पुन्हा दारात उभी असेन. ती बिनखिडकीची भिंत माझ्याच हाताने काढली मी, तेव्हा चूक तुमच्याएवढीच माझी आहे. पण ही रेघ मी मारणार नाही. मुकादमकाका मारणार असतील, तर मी त्या दोरीखाली बसून राहीन, मशीन येईपर्यंत आणि आल्यावरही. काकू जिथे बसतात तिथे त्यांचं स्वयंपाकघर होणार असेल, तर आत्ता सांगा. मी सगळ्या खुंट्या पुन्हा ठोकते, एकटी ठोकते."

मुकादमाने आबांकडे पाहिले. आबा खाली, त्या मोठ्या दगडाकडे पाहत होते. व्यापाऱ्याने मोबाइल खिशात टाकला.

आबा काठी टेकत, कोणाचाही हात न धरता, वीस पावले खाली उतरले. दगडाला पाठ लावून बसले. तिथून त्यांनी जांभळाकडे पाहिले, मग हिरड्याकडे, अंजनीकडे, ओहोळाकडे, आणि शेवटी नदीच्या वळणाकडे. मग त्यांनी हाताशी आलेला एक मूठभर दगड उचलला आणि आपल्यापुढे ठेवला.